लाल झेंड्याची पिशवी

झांशीच्या सदर बाजारातल्या बॅगांच्या दुकानदाराला ताराबाई झांबरे लांबून येताना दिसल्या, की तो गल्ल्यावरून उठून स्वतः पुढे येतो. ते काही आदरापोटी नव्हे. हे गिऱ्हाईक नोकराच्या हाती द्यायची त्याची छाती होत नाही, एवढंच. बाकीच्या बायका पिशवी घेताना रंग बघतात, बंद ओढून बघतात, घासाघीस करतात आणि घेऊन जातात. ताराबाई आपल्या झोळीतून विणायच्या सलायांवर चढलेला अर्धवट स्वेटर बाहेर काढतात, तो दुकानातल्या कोऱ्या पिशवीत घालतात आणि पिशवी चांगली गदागदा हलवतात. मग आतल्या गोळ्याचं टोक धरून लोकर ओढतात. ती जरा कुठे अडकली, की पिशवी परत. नाही अडकली, तर सलाईचं टोक आतून कापडावर दाबून बघतात. टोक आरपार आलं, की तीही परत.

"माताजी, इसमें सब्ज़ी रखो, टिफ़िन रखो, कुछ भी रखो," दुकानदार एकदा काकुळतीला येऊन म्हणाला, "पर किसी बैग को तो पास करो."

"सब्ज़ी हिलने से नहीं उधड़ती, भैया," ताराबाई म्हणाल्या आणि पुढच्या पिशवीकडे वळल्या.

ओरछा गेटजवळच्या त्यांच्या गल्लीत यावरून भरपूर थट्टा चालते. झांबरे काकी विणतात कमी आणि पिशव्याच जास्त शोधतात, असं म्हणणारे लोक आहेत. त्यांना म्हणू द्यावं. ज्याने कधी सलाईवरचा फंदा, म्हणजे विणीचा टाका, गमावला नाही, त्याला यातलं काय कळणार? पुरा झालेला स्वेटर कुठेही फेका, तो स्वेटरच राहतो. सलायांवरचा अर्धा स्वेटर मात्र जरासा धक्का लागला तरी उसवायला लागतो. तो नीट सांभाळायला डोकं लागतं, आणि त्याहून जास्त जीव लागतो. ताराबाईंपाशी दोन्ही आहे. आणि तरीही त्यांच्या हातून एकदा एक काम बिघडलं. कसं बिघडलं आणि मग त्यांनी काय केलं, त्याचीच ही हकीकत आहे.

ताराबाई मूळच्या भुसावळच्या. तिथे स्वेटर ही वस्तू शाळेच्या सहलीपुरती. लग्न होऊन त्या झांशीच्या रेल्वे कॉलनीत आल्या आणि पहिल्याच थंडीने त्यांना घेरलं. नवरा, दामोदर झांबरे, मालगाडीवर गार्ड. रात्री-अपरात्री ड्यूटी. गाडीच्या शेवटच्या उघड्या डब्यात, बीना ते झांशी वारा खात यायचं. कोट असायचा, पण दामोदरराव घरी आले की त्यांची बोटं पेल्याभोवतीसुद्धा वळत नसत. ते बघून ताराबाईंनी शेजारच्या रुक्मिणीभाभींचं दार ठोठावलं.

रुक्मिणीभाभी लोको शेडमधल्या फिटरच्या बायको, मऊरानीपूरकडच्या. थंडीत अंगणात खाट टाकून उन्हात पाठ करून बसायच्या आणि बोलता बोलता विणायच्या. सलायांकडे कधी बघायच्या नाहीत. त्यांनी ताराबाईंना खाटेवर बसवून घेतलं आणि शिकवलं. त्यामुळे झालं असं, की ताराबाईंचं विणकाम हिंदीत आहे. स्वयंपाक मराठीत, भांडण मराठीत, देवाशी बोलणं मराठीत, पण सलाई हातात आली की आजही "दो सीधे, दो उल्टे". टाका म्हटलं तर त्यांना शिवणाचा टाका आठवतो. विणायचा तो फंदाच.

शिकवण सगळी घेतली, पण एक गोष्ट काही केल्या जमेना. रुक्मिणीभाभींचा हात सैल होता. त्यांचे फंदे सलाईवरून आपोआप सरकत. ताराबाईंचा हात घट्ट, त्यांचे फंदे अंगठ्याने ढकलावे लागत.

"काय बिन्नू," भाभी म्हणायच्या, "सुटर बुन रईं के खटिया कस रईं? हाथ ढीलो राखो."

स्वेटर विणतेस की खाटेची दोरी आवळतेस, असा त्याचा अर्थ. ताराबाई हात सैल करायच्या आणि दोन ओळींत तो पुन्हा घट्ट व्हायचा. दामोदररावांचा पहिला स्वेटर असा उभा राहिला, की खाली ठेवला तरी पडेना. पण वारा त्यातून आत जात नसे, हेही खरं.

पिशवीचं खूळ त्याच स्वेटरपासूनचं. पाठ निम्मी विणून झाली होती आणि मानिक चौकात जुळतं बटण बघायला ताराबाई काम सोबत घेऊन निघाल्या. साडीच्या दुकानातली पातळ पिशवी. टेम्पोत दाटीवाटीने बसल्या. पिशवीला भोक पाडून सलाई कुठल्या वळणावर खाली पडली, ते त्यांना कळलंही नाही. घरी येऊन बघतात तर लोकरीचा नुसता गुंता. त्या मोठ्याने रडल्या. रुक्मिणीभाभी आधी पोट धरून हसल्या, मग पदराने डोळे पुसून त्यांनी उरलेले फंदे एकेक करून उचलून सलाईवर घेतले. स्वतः भाभी आपलं काम उशीच्या अभ्र्यात कोंबायच्या आणि खाटेखाली सारायच्या, त्यांचं कधी काही बिघडलं नाही. ताराबाईंनी मात्र कानाला खडा लावला.

त्यानंतर त्यांनी काय काय नाही करून पाहिलं! रजईबरोबर येणारं चेनचं प्लास्टिक कव्हर वापरलं, तर चेनीने लोकर गिळली आणि पावसाळ्यात आत घाम धरला. बिस्किटांचा डबा वापरला, त्यात गोळा गडगडून भलताच आवाज करी. मोडकी ॲल्युमिनियमची किटली मात्र फार चालली. गोळा आत, लोकरीचं टोक तोटीतून बाहेर, झाकण बंद. ना गुंता, ना धूळ. ती किटली आजही त्यांच्याकडे आहे आणि पाहुणा चहासाठी तिच्याकडे हात करतो, तेव्हा त्या मजेत गप्प बसतात. सलायांच्या टोकांना त्या खोडरबराचे तुकडे खोचतात म्हणजे फंदे निसटत नाहीत. बॅडमिंटनच्या फुलांच्या नळकांड्यात जाडीप्रमाणे सलाया उभ्या ठेवतात. हे त्यांना कुणी शिकवलेलं नाही. प्रत्येक गोष्ट नुकसान सोसून सुचलेली आहे.

पण खरी पिशवी त्यांना दामोदररावांच्या नोकरीने दिली. गार्डाचे झेंडे उन्हापावसाने विटतात, नवे मिळतात, आणि रद्द झालेले जुने घरी येऊन बूट पुसण्याच्या कामी लागतात. एके दिवशी ताराबाईंनी असं एक फडकं हातात घेतलं, सवयीने त्यावर सलाईचं टोक दाबलं, आणि टोक आत शिरेना. कापड दाट आणि तरी हलकं. त्यांनी बुटांना दुसरं फडकं दिलं आणि त्या झेंड्याची नाडीची पिशवी शिवली. मग दुसरी, मग तिसरी. काही हिरव्या, काही लाल.

दामोदररावांनी दोरीवर वाळत घातलेल्या त्या पिशव्या पाहिल्या आणि ते गंभीर झाले. माणूस तसा विनोदी, पण सिग्नलच्या बाबतीत थट्टा चालत नसे.

"हे बघ तारा, शिव हव्या तितक्या. पण रंग असा वाटेल तसा वापरायचा नाही. रंगाला अर्थ असतो."

"मग तुम्हीच सांगा."

"चालू काम हिरव्यात. थांबलेलं काम लालमध्ये. आणि लालला कुणी हात लावायचा नाही, तू सोडून."

तेव्हापासून घराचा तो नियमच झाला. लोकर कमी पडली, कुणाचं माप यायचं राहिलं, किंवा ज्याच्यासाठी विणायचं त्याच्यावर ताराबाई रुसल्या, की काम लाल पिशवीत जाई. अडचण सुटली की हिरव्यात येई. मुलगा मिलिंद लहान असताना त्याचा चेंडू लाल पिशवीमागे गेला, तर तो स्वतः काढत नसे, आईला हाक मारी. रेल्वेवाल्यांच्या घरात यात कुणाला काही विचित्र वाटलं नाही.

रुक्मिणीभाभी गेल्या, तेव्हा त्यांच्या सलायांवर मुलीचा स्वेटर होता. आभा ग्वाल्हेरला कॉलेजात होती, तिच्यासाठी वांगी रंगाचं कार्डिगन. दिवसकार्य आटोपल्यावर आभा उशीचा अभ्रा घेऊन ताराबाईंकडे आली. अभ्र्यात दोन पुढचे भाग विणून तयार होते, एक बाही होती, थोडे गोळे होते आणि सलायांवर निम्मी पाठ होती.

"काकी, मुझसे तो होगा नहीं. आप पूरा कर देंगी?"

"कर दूँगी, बेटा. तेरी माँ का काम है," ताराबाई म्हणाल्या.

शब्द देऊन बसल्या. मग एका दुपारी त्यांनी ती पाठ पुढे विणायला घेतली. जेमतेम एक ओळ झाली आणि त्यांचा हात थांबला. खाली भाभींचे सैल, मोकळे फंदे आणि वर आपले आवळलेले. ऐन पाठीवर आडवी रेघ दिसत होती. कुणीही बघितलं तरी कळलं असतं, की इथे भाभी संपल्या. ताराबाईंनी आपली ओळ उसवली. हात सैल झाला की करीन, असं ठरवून त्यांनी ते सगळं काम लाल पिशवीत घातलं आणि नाडी ओढली.

हात सैल करण्यासाठी त्यांनी किती खटपट केली ते बघण्यासारखं होतं. जाड सलाया घेतल्या, गाणी म्हणत विणून पाहिलं, करंगळीवरून लोकर न घेता पाहिलं. अर्ध्या कॉलनीची पोरं त्यांच्या हातचे स्वेटर घालून मोठी झाली, पण हात काही भाभींचा झाला नाही. आभाचं लग्न झालं, ती जबलपूरला गेली. फोनवर कधीमधी बोलायची, पण स्वेटरचा विषय तिने काढला नाही. तिने एकदा विचारलं असतं तर बरं झालं असतं. तिच्या न विचारण्याने ताराबाईंना जास्त टोचायचं.

पुढे दामोदरराव रिटायर झाले. निरोपसमारंभात हार-तुरे चालले होते, आणि ताराबाईंची नजर खिळली होती नवऱ्याच्या लाईन बॉक्सवर. गार्डाची ती काळी पत्र्याची पेटी, आत झेंडे, दिवा, औषधं, सगळं जागच्या जागी. अशी पेटी लोकरीला मिळाली तर! घरी जाताना त्यांनी हळूच विचारलं.

"सरकारी माल आहे, तारा. जमा करायचा," दामोदरराव म्हणाले आणि पेटी जमा करून आले.

पण महिन्याभरात ते मानिक चौकातल्या पत्र्याच्या कारागिराकडून हुबेहूब तशीच नवी पेटी घेऊन आले. तोच काळा रंग, तेच कडी-कोयंडे, आणि झाकणावर पांढऱ्या अक्षरांत: टी. डी. झांबरे, झांसी. गार्डाचं नाव लिहितात तसंच. ताराबाईंना साडी मिळाली, दागिना मिळाला, पण एवढा आनंद कशानेच झाला नव्हता. रेल्वे कॉलनी सोडून ते ओरछा गेटजवळ राहायला आले होते, त्या घरात त्यांनी ती पेटी खाटेशेजारी ठेवली. तळाशी लाल पिशवी, वर हिरव्या पिशव्या, मधून कडुनिंबाचा पाला. दर वर्षी पाऊस संपला की सगळं बाहेर काढून उन्हात घालायचं, हा त्यांचा नेम. लाल पिशवीही त्या तेव्हाच उघडत, काम झटकत, पुन्हा गुंडाळून ठेवत.

परवा-परवाच्या पावसाळ्यात मात्र त्या पुण्याला गेल्या. सून प्रांजलीचं बाळंतपण होतं. नात उर्वीचा जन्म झाला आणि ताराबाई दसरा-दिवाळी करून तिकडेच रमल्या. प्रांजलीने सासूसाठी हौसेने ऑनलाइन विणकामाची पिशवी मागवली. गोल, करडी, कप्पेच कप्पे. ताराबाईंनी ती गदागदा हलवली, तेव्हा प्रांजलीचा जीव वरखाली झाला.

"कप्पे फार आहेत," ताराबाईंनी निकाल दिला, "माझीच सलाई मला सापडायची नाही. पण ही झाकणाची कडी फार छान आहे हं." लोकर बाहेर यायला झाकणाला पितळेची गुळगुळीत कडी होती. "आमच्या किटलीची तोटीच आहे ही. ज्याने केली, तो विणणारा असणार."

इकडे झांशीत दामोदररावांना फोनवरून हुकूम गेला होता, पेटीतल्या सगळ्या पिशव्यांना ऊन दाखवा म्हणून. ते त्यांनी पाळलं. पिशव्या गच्चीवर नेल्या, लोकर पसरली, माकडांवर काठी घेऊन पहारा केला, ताजा कडुनिंब आणला आणि सगळं होतं तसं भरून ठेवलं.

थंडी सुरू झाली आणि ताराबाई परतल्या. त्याच आठवड्यात आभाचा फोन आला. चुलतभावाच्या लग्नाला ती झांशीला येणार होती.

"काकी, आपसे मिलने आऊँगी. और वो... माँ वाला काम. पूरा नहीं हुआ तो कोई बात नहीं. जैसा भी है, एक बार हाथ में लेना चाहती हूँ. अब घर में उनके हाथ का कुछ बचा ही नहीं."

"है न, बेटा. सँभाल के रखा है," ताराबाई म्हणाल्या.

फोन ठेवून त्यांनी पेटी उघडली. हिरव्या पिशव्या बाजूला केल्या, तळातली लाल पिशवी उचलली, नाडी सोडली. आणि आतून बारीक भुसा त्यांच्या मांडीवर पडला.

कसर लागली होती. बाहीच्या चिंध्या झाल्या होत्या. पुढचे दोन्ही भाग जागोजागी कुरतडलेले. आयुष्यभर त्यांनी लोकांची कामं सांभाळली आणि जे सर्वांत आधी सांभाळायचं, तेच असं झालं होतं.

"अहो," त्या म्हणाल्या, "सगळ्याला ऊन दाखवलंत. हिला का नाही?"

दामोदरराव दारात उभे होते. त्यांनी मांडीवरचा भुसा बघितला आणि त्यांचा चेहरा उतरला.

"ती लाल होती, तारा," ते म्हणाले. "लालला मी कसा हात लावू?"

ताराबाईंना हसू आलं आणि त्यातच रडू कोसळलं. दुसऱ्या कुठल्या घरातला नवरा न विचारता उघडून मोकळा झाला असता. यांना नाही जमलं. आणि त्यांना बोलायचं तरी कुठल्या तोंडाने? नियम दोघांचा होता.

दामोदरराव जवळ येऊन बसले. सांडलेला भुसा त्यांनी हाताने गोळा केला. मग हळू आवाजात म्हणाले, "चूक माझी आहे. मी नुसता रंग बघितला. पण एक सांगू? लाल म्हणजे गाडी सोडून निघून जायचं, असा अर्थ नाही. लालला गाडी थांबली की गार्ड खाली उतरतो. मागेपुढे बघतो. सिग्नल का मिळत नाही ते विचारतो. गाडी थांबलेली असते, गार्ड नाही. तू लाल दाखवलास आणि लांब जाऊन बसलीस."

हे ऐकून ताराबाईंना राग आला. खरं होतं म्हणूनच आला. त्या दुपारभर नवऱ्याशी बोलल्या नाहीत, आणि संध्याकाळी त्यांनी दिवा लावून सगळं काम चटईवर पसरलं.

निम्मी पाठ सलायांवर होती. ती सगळ्यात आत, गोळ्यांभोवती गच्च गुंडाळलेली होती म्हणून तिला काही झालं नव्हतं. गोळेही शाबूत होते. म्हणजे भाभींच्या हातची पाठ तरी वाचली. बाकीचं उसवून जी लोकर निघेल, ती तुकड्यातुकड्यांत. तो वांगी रंग घेऊन त्या सदर बाजार फिरल्या, मानिक चौक फिरल्या. असा रंग आता येत नाही, असंच सगळ्या दुकानदारांनी सांगितलं. कार्डिगन व्हायचं नाही हे उघड होतं. बिनबाह्यांची बंडी झाली तर होईल.

मग घरात कारखाना सुरू झाला. ताराबाई कुरतडलेले भाग उसवायच्या आणि दामोदरराव दोन्ही हात पुढे करून बसायचे, त्यांच्या मनगटांवर लोकरीची लच्छी चढायची. तुकड्यांना गाठी मारायच्या नाहीत, असं ताराबाईंनी ठरवलं. गाठ अंगाला टोचते. दोन टोकांचे पदर सोडवायचे, एकमेकांत घालायचे, तळहातावर ओलं करून वळायचे, की जोड हाताला लागतही नाही. वेळखाऊ काम, पण त्यांनी एका तुकड्यालाही गाठ मारली नाही. अशा कामाला कुणी बक्षीस देत नाही, आणि बंडी अंगात घालणाऱ्यालाही ते कळत नाही. ताराबाईंचं मोठेपण हे असं आतल्या बाजूला असतं.

पुढचे भाग नव्याने विणून झाले आणि पाठीची पाळी आली. तीच ओळ, तीच रेघ. ताराबाईंनी सलाई हातात धरली. आता हात सैल होण्याची वाट बघायला वेळ नव्हता. त्यांनी भाभींच्या शेवटच्या फंद्यात सलाई घातली आणि आपल्या हाताने, जसा आहे तशा घट्ट हाताने विणायला सुरुवात केली. रेघ दिसू लागली. या वेळी त्यांनी उसवलं नाही. विणताना त्यांना वाईट वाटत होतं, पण बऱ्याच वर्षांत पहिल्यांदा भाभींशी बोलल्यासारखंही वाटत होतं.

एक काम राहिलं होतं. जुन्या झेंड्यांपैकी एक हिरवा झेंडा त्यांनी जपून ठेवला होता. तो घेऊन त्या मानिक चौकात मुकेशकडे गेल्या. मुकेश शाळेची दप्तरं दुरुस्त करतो.

"थैली सिलनी है. तला चौड़ा, अंदर रैक्सीन. चेन नहीं, डोरी. और यहाँ पीतल का छल्ला लगेगा, चिकना वाला."

"छल्ला काहे के लिए, काकी?"

"धागा बाहर आने के लिए. जिसको देनी है, शायद कभी वो भी बुने."

मुकेशने शिवून दिली. ताराबाईंनी ती तिथेच हलवली, टोक दाबून बघितलं, कडीतून लोकर ओढली. लोकर सुरेख बाहेर आली. मुकेशकडे बघून त्यांनी मान डोलावली, आणि काकींची ही परीक्षा ठाऊक असलेल्या शेजारच्या दुकानदाराने तोंडात बोट घातलं, कारण पहिल्या फटक्यात पास झालेली ती पहिलीच पिशवी.

आभा आली ती दुपारच्या उन्हात. अंगणात खाट टाकलेली होती. तिच्यावर ती पाय वर घेऊन बसली, अगदी आईसारखी. चहा व्हायच्या आधीच ताराबाईंनी सगळं सांगून टाकलं. लाल पिशवी, कसर, बाह्या गेल्या ते, कार्डिगनची बंडी झाली ते. काही लपवलं नाही. मग हिरव्या पिशवीची नाडी सोडून बंडी तिच्या मांडीवर ठेवली.

आभाने बंडी उलटी केली, पाठ वर आली. खालच्या काठापासून तिचा अंगठा हळूहळू वर सरकत गेला, आणि एका ठिकाणी थांबला. नेमका तिथेच. ताराबाईंनी तिला ती जागा सांगितली नव्हती.

"यहाँ तक माँ हैं," आभा म्हणाली.

ताराबाईंना मान खाली घालावीशी वाटली. "बेटा, मेरा हाथ कड़ा है. तेरी माँ कहती थीं, खटिया कसती हूँ. बहुत कोशिश की, मिला ही नहीं. इसीलिए तो इतने साल..."

"अच्छा हुआ काकी, नहीं मिला," आभा म्हणाली. अंगठा तिने तिथून उचलला नव्हता. "मिल जाता तो मैं माँ को कहाँ ढूँढ़ती?"

ज्या रेघेच्या भीतीने त्यांनी ते काम इतकी वर्षं तळाशी ठेवलं, तीच रेघ ही पोर शोधत होती. ताराबाईंनी आभाला जवळ घेतलं आणि दोघी मनसोक्त रडल्या. चहा गार झाला, तो दामोदररावांनी पुन्हा गरम करून आणला.

जाताना आभाने बंडी अंगात घातली. तिला ती जरा तोकडी होत होती, पण तिने काढली नाही. हिरवी पिशवी ताराबाईंनी तिच्या हातात दिली, आत सलाया आणि उरलेला छोटा गोळा. दामोदरराव दारात येऊन उभे राहिले. गाडीचा शेवटचा डबा दिसेनासा होईपर्यंत बघत राहायची त्यांची जुनी सवय. गल्लीच्या वळणावर आभाने मागे वळून हिरवी पिशवी धरलेला हात वर केला, तेव्हा दामोदररावांचा हात आपोआप उंच झाला आणि हलू लागला.

"गेली," ते म्हणाले.

"हो," ताराबाई म्हणाल्या, आणि डोळे पुसून आत गेल्या. रिकामी लाल पिशवी त्यांनी उलटी करून झटकली आणि दोरीवर उन्हात घातली.